पितळी बटणावरची वायर

जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनाला चालायला वीज लागत नाही, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. एकदा सुरू झालं की सगळ्या वायरी उपटून टाका, टाकीत डिझेल आहे तोवर ते चालत राहील. वीज लागते ती त्याला उठवायला, आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते ड्रायव्हरला कळवायला. उठवायचं काम आमच्याकडे उतारही करतो. आंदर मावळात सपाट जागा शोधावी लागते, उतार कुठंही मिळतो. कळवायचं काम मात्र वायरीशिवाय होत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा ट्रक दोन महिने घरामागच्या छपरात उभा होता. मी भाताचा पेंढा वाहतो. आंदर मावळातून उचलायचा आणि तळेगाव-चाकणच्या बाजूला गोठ्यांना पोचवायचा. पावसात ते काम बंद. छपरात थोडा पेंढा उरला होता, त्यात उंदरांनी बिऱ्हाड केलं आणि तिथून ते इंजिनावर चढले. दसऱ्याच्या आधी बॉनेट उघडलं तेव्हा वायरींवरचं रबर जाऊन नुसतं तांबं उरलेलं, काही ठिकाणी तेही तुटलेलं. आणि आरटीओचं पासिंग पुढच्या महिन्यावर.

तळेगावात दोन ठिकाणी विचारलं. पहिल्याने स्कॅनर काढला, आणि गाडीला तो लावायची जागाच नाही हे पाहून परत पेटीत ठेवला. दुसरा म्हणाला, "हे अख्खं इंजिन नव्यानं वायर करायला लागेल. असलं काम आता एकच माणूस करतो. सुदुंबऱ्याला आबा बसतात, त्यांच्याकडे जा."

मला ते माहीत होतं. चौदा वर्षं मी सुदुंबऱ्याच्या वाटेला गेलो नव्हतो. तिकडच्या एखाद्या गोठ्याने पेंढा मागितला तर गाडी दुसरीकडे लागलीय म्हणून सांगायचो.

पण इलाज नव्हता. एका सकाळी चौघांनी उतारावर धक्का दिला, गाडी उठली, आणि टाकवे, वडगाव, तळेगाव, इंदोरी असं कुठंही इंजिन न थांबवता मी सुदुंबऱ्याला जाऊन पोचलो. आबा पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, खोलून बसले होते. सत्तरीला आले असतील. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही तुझ्या दादाची गाडी."

"आता मी चालवतो, आबा. दादा तळेगावला असतो, सोसायटीत."

"बरा हाय न्हवं?"

"गुडघं धरल्यात."

"आमचं बी." ते उठले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, "परत आली ते बरं झालं. हिचं माझ्या हातनं एक काम बिघडलं व्हतं."

ते काम आबांच्या हातून बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं होतं, आणि हे मला एकट्यालाच माहीत होतं. आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्यामुळे ते इथेच सांगून टाकतो.

तेव्हा ट्रक थोरल्या भावाचा, दादाचा होता आणि मी त्यावर ड्रायव्हर. घाट चढताना इंजिन तापत होतं. दादाने सांगितलं, रेडिएटरची जाळी चोंदली असेल, साफ करून घे. मी हो म्हटलं. ज्या दिवशी ती साफ करायची त्या दिवशी मी दोस्तांबरोबर वलवणच्या धरणावर बसून राहिलो आणि संध्याकाळी दादाला सांगितलं, केली. आठवड्याभरात असं झालं की खोपोलीहून भरलेली गाडी वर आणताना दादा स्वतः केबिनमध्ये बसला. आता घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला की माझं खोटं उघडं पडणार. खोपोलीला दादा चहाला उतरला तेव्हा मी "पाणी बघतो" म्हणून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर पितळेचं एक बटण असतं, आतलं पाणी किती तापलंय ते काट्याला कळवणारं. त्याची वायर मी काढून टाकली. वायर निघाली की काटा थंडावर पडून राहतो.

घाटात दादा म्हणाला, "बघ, काटा कसा गप पडलाय. जाळी साफ केल्याचा गुण."

खंडाळ्याच्या वर वाफ आली. पुढे जात्यात खडा अडकावा तसा आवाज, आणि इंजिन जाम. दुसऱ्या गाडीने ओढून आम्हाला वलवणच्या ट्रक स्टँडवर आणलं. दादाने बॉनेट उघडलं. वायर लोंबत होती.

"ही कुणी लावली?"

"आबांनीच लावली," मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात."

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते मला बोलता आलं. आबांचं दुकान तेव्हा त्याच स्टँडवर होतं. दादा त्यांना चार माणसांत वाट्टेल ते बोलला. आबा आले, ती वायर हातात घेऊन उलटीपालटी करून पाहत राहिले. मग म्हणाले, "नट ढिला राह्यला असंल माझा." एवढंच. वाद घातला नाही.

पुढे स्टँडवर ती थट्टाच झाली. कुणाचं काही निखळलं की, "काय, आबाचा नट बसवला का काय?" एकेक गाडी दुसऱ्या वायरमनकडे जायला लागली. वर्षाच्या आत आबा दुकान बंद करून सुदुंबऱ्याला, आपल्या गावी गेले. ती थट्टा ऐकून मीही हसलो आहे. एकदा नाही.

तर आता तेच आबा, तीच गाडी, आणि मी.

आबांची एक रीत आहे, जी मी दुसऱ्या कुठल्या कारागिराकडे पाहिली नाही. ते आल्या आल्या गाडीला हात लावत नाहीत. मालकाला समोर बाकड्यावर बसवतात आणि विचारतात. याला ते गाडीची जबानी म्हणतात. कुठली वायर कधी तुटली, कुठं जोड मारला, कुठं फ्यूजच्या जागी नुसती तार घातली, सगळं सांगायचं. लाज वाटेल तेही.

"मी काय पोलीस न्हाई," आबा म्हणाले. "पर तू दडवलेला एक जोड हुडकायला माझा अख्खा दिस जातो. तवा हितंच मोकळा हो."

आबांच्या मंडळी, मावशी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नीट सांग बाबा. देवळातल्या पुजाऱ्यानं मोटरसायकल आणली व्हती, त्यो जबानीला रडकुंडीला आला."

मी सांगत गेलो. गाण्यांचा टेप थेट बॅटरीवरून घेतलाय. डावा हेडलाइट कामशेतला एकाने जोडला तेव्हापासून हॉर्न वाजवला की मिचकतो. सेल्फची वायर दोन ठिकाणी पिळून टेप लावलीय.

"आनि?" आबा म्हणाले.

"एवढंच."

"आनि?"

"संपलं, आबा."

त्यांनी खडू उचलला.

पुढचे तीन दिवस मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. आबांनी शेडच्या कोब्यावर खडूने माझं इंजिन काढलं, जेवढं आहे तेवढंच, बाजूने दिसतं तसं. पट्टी घेतली नाही, मापं वितीने. अल्टरनेटर इथं, सेल्फ खाली तिथं, ऑइलचं बटण, पाण्याचं बटण, मागे केबिनची भिंत. नव्या वायरी ते त्या रेघांवरून अंथरत गेले आणि प्रत्येक वायर बोटभर जास्त ठेवून तोडली.

"ही बोटभर का?"

"इंजिन हलतंय. वायर ताणून बसवली तर एक दिस ती नटाला वढंल, न्हाईतर नट तिला. ढील ठेवावी, पर लोंबू द्यायची न्हाई."

उंदरांनी खाल्लेला वायरींचा जुना जुडगा त्यांनी सरळ कापून टाकला नाही. शेजारी तसाच आडवा ठेवला आणि कुठं काय घासलं, कुठं काय जळलं ते पाहत राहिले. सायलेन्सरच्या नळीजवळून गेलेली वायर करपली होती. नवी त्यांनी तिथून नेलीच नाही, चार बोटं वरून वळसा देऊन नेली. कंपनीने काढलेली वाट या माणसाने कोब्यावर बसून सुधारली. तळेगावच्या त्या दोघांना हे दाखवावं असं मला वाटत राहिलं. मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत कारागिरी म्हणजे हाताचा वेग समजत होतो. आबांचा हात सावकाश चालतो, पण केलेलं एकही काम परत करावं लागत नाही.

आणि प्रत्येक टोक बसवलं की ते तीनदा ओढून पाहायचे. एकदा सरळ, एकदा तिरकं, आणि एकदा डोळे मिटून.

"डोळं कशाला मिटता?"

"डोळं खोटं बोलत्यात. बसलंय असं दिसलं की बसलंय म्हणत्यात."

दुपारी मावशी जेवायला वाढायच्या. मी परका, पण त्यांनी एकदाही हॉटेलात जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ताट पुढे करताना त्या हसत म्हणाल्या, "ह्यांचं वढून बघणं गाडीपुरतं असतं तर बरं झालं असतं. दाराला कडी घालत्यात, धा पावलं जात्यात, परत येत्यात. ग्यासचं बटण तीनदा. लेकीच्या लग्नात निम्म्या वाटंवरनं गाडी माघारी फिरवली, कुलूप बघाया."

आबा म्हणाले, "लागलं व्हतं न्हवं कुलूप?"

"लागलंच असतंय दर बारीला. म्हनून तर हसायचं."

"कधीपासनं हे?" मी विचारलं. विचारायला नको होतं, उत्तर मला कळलं होतं.

"वलवणचं दुकान सोडल्यापासनं," मावशी म्हणाल्या. "आदी असं नव्हतं. आदी हा मानूस कडी न घालता झोपायचा." त्या अजून हसत होत्या.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की मी एका माणसाचं दुकान घालवलं. दुकानं जातात, एक्सप्रेस वे झाल्यावर पुष्कळांची गेली, असं मी मनाला सांगून ठेवलं होतं. पण मी त्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून घेतला आहे, हे मला त्या ताटावर कळलं. कुणी म्हणेल, त्यातूनच असा सावध कारागीर घडला. मीही ती समजूत घालून पाहिली. ती बसत नाही. नट आधीही घट्टच होता.

तिसऱ्या दिवशी जुडगा गाडीवर चढला. सगळी टोकं लागली, शेवटी पितळी बटण उरलं. आबांनी वायर घातली, नट आवळला, ओढून पाहिली. मग नट सोडला. पुन्हा आवळला. पुन्हा सोडला. चौथ्या वेळी त्यांनी स्पॅनर नटावर तसाच धरून ठेवला. तीन दिवसांत दुसऱ्या कुठल्या नटाला त्यांनी असं केलं नव्हतं.

"ह्ये एक ठिकाण असं हाय बग," ते म्हणाले, "हितं मला माझाच इस्वास वाटत न्हाई."

मी म्हणालो, "आबा, जबानीत एक राह्यलं."

"बोल."

"ती वायर सुटली नव्हती. मी काढली व्हती. खोपोलीला, दादा चहाला गेला तवा. जाळी साफ केली न्हवती, ते दादाला कळू नये म्हणून."

ते वळले नाहीत. बॉनेटखाली वाकलेलेच राहिले. मग त्यांनी जे विचारलं ते मला आजही कानात ऐकू येतं.

"नट ढिला व्हता?"

"न्हाई."

"बोटानं फिरला?"

"आदी बोटानंच बघितलं. फिरंना. मग पक्कड घेतली."

"पक्कड लागली?"

"व्हय."

"जोर लावला?"

"लय लावला. पक्कड सटकून बोट फुटलं व्हतं माझं."

आबा सरळ उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो, कारण त्याची तयारी मी चौदा वर्षं केली होती. तिथे राग नव्हता. त्यांनी शेडच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "अगं, हिकडं ये. ह्यो काय म्हनतो ऐक. पक्कड लागली व्हती म्हनं. बोटानं फिरला न्हाई."

मावशी पदराला हात पुसत आल्या. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी ते उभ्यानेच ऐकलं.

"चौदा वरसं," त्या म्हणाल्या. "चौदा वरसं ह्यो मानूस कड्या बगत फिरतोय. आन तू तीन दिस माझ्या हातचं कालवण खाल्लंस."

मी मान खाली घातली. माफी मागितली असती तर तीही मी माझ्यासाठीच मागितली असती.

राग आला तो नंतर. आबांनी स्पॅनर पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, "आज काम बंद" म्हणाले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. अर्धा तास माझ्याकडे पाठ करून बसले होते. मग तिथूनच म्हणाले, "मला सांगितलंस, बरं केलंस. पर मला बोल लागला तो काय हितं लागला नव्हता. दादाला सांग. आन वलवणला जाऊन सांग. मग गाडी न्यायची."

मी त्याच दिवशी तळेगावला गेलो. दादा फ्लॅटमध्ये गुडघ्याला पट्टे बांधून टीव्हीसमोर बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला.

"जाळी?"

"साफ केलीच न्हवती."

"म्हंजे घाटात मी तुझं कवतिक करत व्हतो."

मी हो म्हटलं. मग म्हणाला, "चपला दे माझ्या." उभ्या आयुष्यात दादाने माझ्यावर हात कधी उगारला नाही. त्या दिवशी उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त चपला मागितल्या आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

सुदुंबऱ्याला दादा शेडच्या उंबऱ्याशी थांबला. आत आला नाही. "काम बंद" म्हटलेले आबा पुन्हा कामाला लागले होते, पितळी बटणावरचा नट त्यांनी आवळून टाकला होता.

"मी चार माणसांत बोललो व्हतो," दादा म्हणाला. "चार माणसांतच परत घ्यायला पायजे. तुमी चला संगं."

"मी कशाला? मला हितं काम हाय. तुमचं काम तितं हाय." मग थोड्या वेळाने आबा म्हणाले, "बसा. पाय दुखत असतील." मावशींनी दादाला चहा दिला. मला दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दादा वलवणला गेलो. स्टँड आता पूर्वीसारखा नाही, जेमतेम सात-आठ गाड्या असतात. तरी त्या वेळचे तिघे-चौघे चहाच्या टपरीवर भेटले. एक-दोन नवे होते. दादा बाकावर बसला, काठी दोन पायांत धरली आणि म्हणाला, "ह्येला कायतरी बोलायचंय. ऐकून घ्या."

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, जाळी, घाट, काटा, वायर. आबांचा नट घट्ट होता, मी तो पकडीने काढला, आणि दोष त्यांच्यावर ढकलला. टपरीवाला गाळणी धरून थांबला होता. त्यांच्यातला एक म्हातारा ड्रायव्हर, ज्याने तेव्हा सर्वांत आधी आबांकडे जायचं सोडलं होतं, तो कानामागे हात धरून पुढे वाकला.

"मोठ्यांदा बोल," तो म्हणाला. "मला आता ऐकू येत न्हाई."

पहिल्या वेळी मी खाली बघून बोललो होतो. दुसऱ्या वेळी तसं बोलता येईना. मला त्याच्या तोंडाकडे पाहून, पलीकडच्या गाडीतला क्लीनरसुद्धा वळून बघेल अशा आवाजात, प्रत्येक गोष्ट म्हणावी लागली. खोटं मी बोललो. पक्कड मी लावली. आबांचं काही चुकलं नव्हतं.

म्हाताऱ्याने मान हलवली. चहाचा ग्लास खाली ठेवला. आपल्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "मग आता वायरमन बसतो कुटं?"

"सुदुंबऱ्याला."

"कसं जायाचं तितं?"

मी त्याच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने सांगितलं, "तळेगावातनं चाकण रोड धरायचा. इंदोरी मागं टाकली की गावाचा फाटा येतो, तितं आत वळायचं. गावाच्या अलीकडं लिंबाचं झाड हाय, त्याच्या बाजूला पत्र्याचं शेड. बोर्ड न्हाई. कुणालाबी इचारा, आबा म्हणलं की दाखवत्यात."